१ जानेवारीच्या आत : बेलपाड्यातून जाहीर इशारा

हा इशारा भारत सरकारला आहे, महाराष्ट्र सरकारला आहे आणि ज्यांच्या हाती अण्वस्त्रे आहेत त्या इस्लामाबाद आणि बीजिंगच्या सत्ताधाऱ्यांनाही आहे. तो पनवेलच्या बेलपाड्यातून दिला जात आहे, याला कारण आहे. खारघरच्या इमारतींनी वेढलेल्या या गावातून पश्चिमेला सरळ रेघ ओढली, तर खाडीपलीकडे साधारण पंधरा किलोमीटरवर ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र येते. नैर्ऋत्येला न्हावा-शेवा बंदर. उत्तरेला ठाणे-बेलापूर रस्त्यावर राज्याच्या विजेची वाटणी करणारे भारप्रेषण केंद्र आणि महाप्याला महाराष्ट्र सायबरचे मुख्यालय. बेलापुरात रिझर्व्ह बँक, पनवेलच्या बाजूला देशातल्या मोठ्या डेटा सेंटरांपैकी एक. दोन देश उद्या संगणकांवरून एकमेकांवर तुटून पडले, तर पहिला अंधार आमच्या घरात होणार आहे. त्यामुळे हा विषय परराष्ट्र खात्याचा आहे असे म्हणून आम्हाला गप्प बसता येत नाही.

मागणी आधीच सांगतो. अणुस्थळांवर हल्ला न करण्याचा जो करार भारत आणि पाकिस्तान यांच्यात आहे, त्यात सायबर हल्ल्याचा स्पष्ट शब्दांत समावेश करण्याचा प्रस्ताव भारताने येत्या १ जानेवारीच्या आत जाहीरपणे मांडावा. आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगराची वीज का गेली, याचे एकच, लेखी, सहीशिक्क्याचे उत्तर केंद्र आणि राज्य यांनी मिळून त्याच मुदतीत द्यावे. एक नाही, दोन्ही.

तो दिवस पुष्कळांना आठवत असेल. सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि आसपासच्या पट्ट्यातली लाइट एकदम गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. कोरोनाचे दिवस, आणि रुग्णालयांना जनरेटरवर जावे लागले. अत्यावश्यक सेवांची वीज दोनेक तासांत आली, काही भागांत मात्र संध्याकाळ उलटली. कळवा-पडघा या ४०० केव्हीच्या वाहिन्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होती आणि दुसरीत बिघाड झाला, असे तेव्हा सांगितले गेले. मुख्यमंत्र्यांनी चौकशीचे आदेश दिले.

साडेचार महिन्यांनी, फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस, रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंधित एका गटाने भारताच्या वीजयंत्रणेत शिरकाव केल्याच्या खुणा त्यात होत्या. मुंबईच्या अंधाराशी त्याचा थेट संबंध सिद्ध झालेला नाही, हेही त्याच अहवालात म्हटले होते. पण १ मार्चला राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी पत्रकारांना सांगितले की, महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालानुसार वीज मंडळाच्या यंत्रणेत चौदा ट्रोजन हॉर्स आढळले आणि परदेशी सर्व्हरवरून आठ जीबी माहितीची देवाणघेवाण झाली असावी. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की हा मानवी चुकीचा प्रकार होता, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. चीनने आरोप फेटाळला. तिथेच विषय मिटला, म्हणजे कुणी मिटवला नाही, नुसता सोडून दिला.

या दोन विधानांच्या मधल्या जागेत किती धोका भरलेला आहे, ते राज्यकर्त्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही. वीज गेली त्याच्या चार महिने आधी, १५ जून २०२० ला, गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान मारले गेले होते. दोन्ही बाजूंचे हजारो सैनिक लडाखच्या थंडीत समोरासमोर उभे होते. देशमुखांचे ते वाक्य वीज गेली त्याच दिवशी दुपारी, लोकल बंद पडलेल्या असताना आणि माणसे घाबरलेली असताना उच्चारले गेले असते, तर? मुंबईवर चीनने हल्ला केला, अशी ओळ टीव्हीच्या पडद्यावर धावली असती. संध्याकाळपर्यंत बदल्याची मागणी झाली असती. आणि ज्या देशावर सूड उगवायचा, तो अण्वस्त्रधारी. केंद्राचे म्हणणे खरे असेल तर हे सगळे एका देखभालीच्या चुकीमुळे घडले असते.

आम्हाला भीती वाटते ती याचीच. तोफगोळा कुठून आला ते रडार सांगते. विमान पडले तर अवशेष मिळतात. संगणकातल्या घुसखोरीला पत्ता नसतो. एका देशाचा माणूस दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवरून तिसऱ्याच्या नावाने येतो, आणि तो कोण हे ठरवायला तज्ज्ञांना महिने लागतात. अणुयुद्धाच्या निर्णयाला मात्र महिने नसतात. दिल्ली आणि इस्लामाबाद यांच्यातले अंतर क्षेपणास्त्राला काही मिनिटांचे आहे. शोध लागायला महिने आणि उत्तर द्यायला मिनिटे, या तफावतीत दोन कोटींहून अधिक माणसांचे महानगर वसलेले आहे.

ही भीती हवेतली नाही. मे १९९८ मध्ये पोखरणला आपले स्फोट झाले, महिनाअखेरीस पाकिस्तानने चागईत केले. जूनच्या सुरुवातीला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरले, शास्त्रज्ञांची ईमेल उचलून नेली आणि संकेतस्थळावर अण्वस्त्रविरोधी मजकूर लावला. शिरणारे कोण निघाले? मिलवर्म नावाच्या टोळीतली, वेगवेगळ्या देशांत राहणारी पोरे, त्यातली काही विशीच्याही आतली. त्यांनीच फुशारकीने सांगितले म्हणून कळले. त्यांनी तोंड उघडले नसते, तर दोन नव्या अण्वस्त्रधारी देशांच्या सर्वांत तापलेल्या पंधरवड्यात ट्रॉम्बेवरच्या त्या हल्ल्याचा संशय कुणावर गेला असता, हे सांगायला नको.

२७ जून २०१७ ला न्हावा-शेव्याच्या गेटवे टर्मिनल्सचे काम ठप्प झाले. नॉटपेट्या नावाचा मालवेअर मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या संगणकांतून इथे पोचला होता. कंटेनर यार्डात अडकले, ट्रेलर रस्त्यावर खोळंबले, बंदराला जहाजे दुसऱ्या टर्मिनलकडे वळवावी लागली. अमेरिका आणि ब्रिटन यांनी पुढच्या वर्षी त्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. तो हल्ला युक्रेनविरुद्ध रचलेला होता. हजारो किलोमीटरवरच्या दोन देशांच्या भांडणात उरण-पनवेलचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोके टेकून बसला, आणि आपण कुणाच्या लढाईत सापडलो आहोत हे त्याला कुणी सांगितलेही नाही.

२०१९ मध्ये कुडनकुलमचे प्रकरण झाले. अणुप्रकल्पावर सायबर हल्ला शक्यच नाही, असे २९ ऑक्टोबरला प्रकल्पाच्या वतीने छातीठोकपणे सांगितले गेले. ३० ऑक्टोबरला अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले की कार्यालयीन कामाच्या एका संगणकात मालवेअर सापडला होता आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने त्याची खबर ४ सप्टेंबरलाच दिली होती. संयंत्र चालवणारे जाळे वेगळे आहे, त्याला धक्का लागला नाही, हे महामंडळाचे म्हणणे आम्ही मानतो. पण जाळे वेगळे असणे ही पुरेशी हमी नव्हे. इराणच्या नतान्झमधली सेंट्रिफ्यूज यंत्रे इंटरनेटला जोडलेली नव्हती. स्टक्सनेट हा मालवेअर तरीही आत गेला आणि त्याने ती मोडली. आणि जी संस्था आज नाही म्हणते आणि उद्या हो म्हणते, तिच्या परवाच्या नाहीवर शेजारच्या अण्वस्त्रधारी देशाने विश्वास का ठेवावा? संकटकाळात सरकारच्या शब्दाला वजन असणे हीच संरक्षणाची पहिली भिंत असते. ती आपण आपल्याच हाताने पोखरतो आहोत.

खोटा आवाज काय करू शकतो, हेही मुंबईच्याच जखमेतून जगाने पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला चालू असतानाच, २८ तारखेला, पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष आसिफ अली झरदारी यांना फोन आला. पलीकडचा माणूस आपण भारताचे परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी आहोत असे सांगून धमकावत होता. पाकिस्तानी हवाई दलाला सज्जतेचा हुकूम सुटला. मुखर्जींनी असा फोन केलाच नव्हता. तेव्हा हे काम एका भामट्याने नुसत्या फोनवर केले. आज मंत्र्याचा हुबेहूब आवाज आणि चेहरा बनवायला साधा लॅपटॉप पुरतो. आणि चूक नेहमी शत्रूकडूनच होते असेही नाही. ९ मार्च २०२२ ला आपले ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ पडले. त्यात अणुस्फोटक नव्हते, जीवितहानी झाली नाही, आणि समोरच्याने संयम ठेवला. आपण चुकीची जाहीर कबुली दिली ती ११ तारखेला. दोन दिवस! तेवढ्या अवधीत त्यांच्या संरक्षण यंत्रणेचे संगणकही कुणी बंद पाडले असते, तर तो संयम टिकला असता, अशी खात्री दिल्लीतल्या कुणी देऊन दाखवावी.

आता कराराविषयी. ३१ डिसेंबर १९८८ ला इस्लामाबादेत, राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या साक्षीने, त्यावर सह्या झाल्या. २७ जानेवारी १९९१ पासून लागू झाला. एकमेकांच्या अणुस्थळांचा नाश किंवा नुकसान करणारी कोणतीही कृती, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, करायची नाही, तिला उत्तेजन द्यायचे नाही. अणुभट्ट्या, इंधन बनवण्याचे कारखाने, समृद्धीकरणाची आणि पुनर्प्रक्रियेची केंद्रे, किरणोत्सारी साठे, सगळे त्यात येते. दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपल्या स्थळांच्या याद्या एकमेकांना देतात. १९९२ पासून हा शिरस्ता एकदाही मोडलेला नाही. कारगिल झाले, संसदेवर हल्ला झाला, मुंबई झाली, पुलवामा झाले, मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झाले. यादी गेली आणि यादी आली. या दोन देशांनी एकमेकांना दिलेला आणि पाळलेला दुसरा इतका टिकाऊ शब्द शोधून सापडणार नाही. म्हणूनच आम्ही नवा करार मागत नाही. जो जिवंत आहे त्याला हात घाला, असे म्हणतो आहोत.

कोणतीही कृती या शब्दांत सायबर हल्लाही आलाच, असा युक्तिवाद होईल. मग तसे लिहायला काय हरकत आहे? शिवाय तो युक्तिवाद अर्धाच आहे. करार नाश आणि नुकसान यांविषयी बोलतो. संगणकात शिरून नुसते दडून बसणे, पडद्यावर खोटे आकडे दाखवणे, नियंत्रण कक्षाला आंधळे करणे हे नुकसानीत धरायचे की नाही, यावर दोन वकील दोन दिवस वाद घालू शकतील. अणुस्थळावर ज्या रात्री पडदे काळे होतील, त्या रात्री दोन दिवस मिळणार नाहीत.

आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी कुणी बोलत नाही. अणुभट्टी बंद केली तरी तिचे इंधन तापतच राहते. ते थंड ठेवायला पाणी फिरवावे लागते आणि पाणी फिरवायला वीज लागते. ती बाहेरून, आपल्याच ग्रिडमधून येते. ग्रिड गेले तर डिझेल जनरेटर. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंपाने ग्रिड गेले, त्सुनामीने जनरेटर बुडवले, आणि पुढचे जगाला माहीत आहे. याचा अर्थ असा की तारापूर अणुप्रकल्पाच्या कुंपणाला हातही न लावता, फक्त वीजवाहिन्यांच्या संगणकांवर हल्ला करून अणुस्थळ संकटात घालता येते. म्हणून करारात घालायच्या कलमात अणुस्थळाला वीज पुरवणारी यंत्रणा आली पाहिजे. तसेच अण्वस्त्रांच्या आदेशाची आणि इशाऱ्याची यंत्रणाही. प्रतिस्पर्ध्याचे डोळे फोडले तर तो सावध होत नाही, घाबरतो, आणि घाबरलेला माणूस हातातले शस्त्र वापरून टाकतो. आपले डोळे आपले शत्रू फोडतील याची चिंता आपण करतो. त्यांचे डोळे शाबूत राहणे हे बेलपाड्याच्याही हिताचे आहे, हे समजून घेण्याइतके आपण प्रौढ झालो पाहिजे.

चीनशी आपला असा करार नाही. पण भारत आणि चीन हे दोन्ही देश अण्वस्त्रे आधी न वापरण्याची जाहीर भूमिका घेतात. चीनने ती १९६४ पासून घेतली आहे, आपण ४ जानेवारी २००३ च्या निवेदनात अधिकृतपणे मांडली. त्या निवेदनात आपल्यावर अणुहल्ला झाला तर प्रचंड प्रत्युत्तर देऊ असे आहे, पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेकडेच आदेशाचा अधिकार आहे असेही आहे. सायबर हल्ल्याविषयी एक अक्षर नाही. २००३ साली ते समजण्यासारखे होते. आज नाही. १६ नोव्हेंबर २०२४ ला लिमा शहरात अमेरिका आणि चीन यांच्या अध्यक्षांनी एवढे तरी मान्य केले की अण्वस्त्र वापरण्याचा निर्णय माणसाच्याच ताब्यात राहिला पाहिजे. तेच वाक्य भारत, पाकिस्तान आणि चीन यांनी एकत्र म्हणावे, यासाठी पुढाकार घ्यायला दिल्लीला कुणाची परवानगी लागत नाही.

गोपनीयतेचे कारण पुढे केले जाईल. आम्ही पासवर्ड मागत नाही. कुठल्या बंकरात काय आहे ते विचारत नाही. १२ ऑक्टोबरला लाइट कशाने गेली, हे विचारतो आहोत. जे शत्रूने केले असेल ते शत्रूला ठाऊकच आहे. लपवले जाते आहे ते फक्त नागरिकांपासून.

दोन सूचना घरातल्यांना. देशप्रेमाच्या नावाखाली पाकिस्तानी संकेतस्थळे फोडणाऱ्या तरुणांनो, हे ताबडतोब थांबवा. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर भारतीय संकेतस्थळांवर सुमारे पंधरा लाख हल्ल्यांचे प्रयत्न झाले आणि त्यांतले दीडशेच यशस्वी झाले, असे महाराष्ट्र सायबरने मे २०२५ मध्ये सांगितले. पलीकडेही असेच आकडे कुणीतरी मोजत असेल. तुम्ही खोलीत बसून केलेला हल्ला पलीकडच्या अधिकाऱ्याला भारतीय लष्कराचा हल्ला वाटू शकतो. तुमच्या शौर्याची किंमत तुमचे शेजारी मोजतील. आणि ज्या वाहिन्यांनी त्याच मे महिन्यात एका रात्रीत कराची बंदर उद्ध्वस्त केल्याच्या खोट्या बातम्या दाखवल्या, त्यांनी अजून प्रेक्षकांची माफी मागितली नसेल तर मागावी. पुन्हा असे घडले, तर तक्रार करू, नाव घेऊन करू, आणि तडीस नेऊ.

अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि पनवेल महापालिकेला वेगळे सांगणे आहे. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा उरण आणि तारापूर ही मुंबईबरोबर पहिल्या श्रेणीत होती. भोंगे वाजले, दिवे मालवले. उत्तम. पण वीज, मोबाइल आणि यूपीआय ही तिन्ही एकाच सकाळी गेली, तर डायलिसिसच्या रुग्णाने कुठे जायचे, टँकर कुणी पाठवायचा, खरी बातमी कुठल्या ठिकाणी मिळेल, याचे एक पान मराठीत छापून प्रत्येक सोसायटीच्या आणि प्रत्येक पाड्याच्या फलकावर लावलेले आम्हाला १ जानेवारीच्या आत दिसले पाहिजे. याला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही.

या पट्ट्याने दिलेल्या इशाऱ्याला हलके समजू नका. सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा दि. बा. पाटलांच्या मागे इथला आगरी-कोळी समाज उभा राहिला, जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि परिसरात पाच जणांनी गोळ्या झेलल्या, तेव्हा साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची वाट मोकळी झाली. त्या माणसांची नातवंडे आज याच डेटा सेंटरांत, बंदरात आणि वीज कंपन्यांत कामाला आहेत. आम्ही दगड उचलणार नाही, रस्ता अडवणार नाही. कायद्याने जे हाती दिले आहे ते शेवटपर्यंत वापरू.

१ जानेवारीला याद्यांची देवाणघेवाण झाल्याची नेहमीची दोन ओळींची बातमी येईल. तिच्यासोबत प्रस्तावाची तिसरी ओळ नसेल, किंवा वीज का गेली याचे उत्तर आलेले नसेल, तर २ जानेवारीपासून माहिती अधिकाराचे अर्ज जातील: महापारेषणला, राज्याच्या गृह विभागाला, केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाला आणि परराष्ट्र मंत्रालयाला. कलम आठ दाखवून नकार आला, तर त्याच कलमातल्या व्यापक जनहिताच्या तरतुदीवर बोट ठेवून अपील करू. मावळ मतदारसंघात मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष न पाहता, या दोन मागण्यांविषयीचे प्रश्न लेखी देऊ आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत त्याच्या सभेला जाणार नाही. जगण्याचा हक्क देणाऱ्या राज्यघटनेच्या कलम २१ च्या आधारे मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करू. अर्जाच्या उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. राज्याच्या कार्यालयांनी ती चुकवली, तर दुसरे अपील घेऊन राज्य माहिती आयोगापुढे जाऊ. बेलपाड्यातून तिथे जायला आम्हाला फार वेळ लागत नाही. संबंधित अधिकाऱ्यांनी आपली फाइल घेऊन वेळेवर हजर राहावे.